लेक मुलुंडपर्यंत आली

मधुकर वागळे याचा परराष्ट्र धोरणाचा अभ्यास दांडगा होता. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटत असताना त्याने शेजारी देशांच्या सहकार्यावर जे भाषण ठोकलं, ते संपेपर्यंत दुधावर दोनदा साय धरली. गेल्या डिसेंबरात ढाक्याला सात देश एकत्र बसले, आता नोव्हेंबरात बंगलोरला पुन्हा बसणार, तेव्हा भांडणांचे दिवस संपले असं समजा, असं त्याने सोसायटीला आश्वासन दिलं. "शेजाऱ्यांनी एकमेकांना दारं उघडी ठेवली की निम्मे प्रश्न सुटतात," असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. त्याची बायको शुभा टाळ्या न वाजवता पेले विसळत राहिली. नवऱ्याने स्वतःच्या आईला दोन वर्षांपूर्वी घरातून कसं हलवलं हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण हलवण्यात तिचाही हात होता.

म्हणजे घराबाहेर काढलं नव्हतं हो. वागळ्यांच्या घरात असले शब्द वापरत नाहीत. मुलगी जया कॉलेजला गेली, तिला अभ्यासाला खोली हवी, म्हणून आईला थोडे दिवस धाकट्या अनंताकडे पाठवलं, इतकंच. अनंता राहायचा कोपरीला. मुलुंडहून जकात नाका ओलांडला की लागलीच कोपरी, रमतगमत गेलं तरी चहा निवायच्या आत पोचावं इतकं जवळ. पण नाक्याच्या अलीकडे मुंबई आणि पलीकडे ठाणे जिल्हा. थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं झाली आणि कृष्णाबाईंची ट्रंकही एक दिवस रिक्षात घालून कोपरीला रवाना झाली.

ही गोष्ट एका माणसाला मधुकरने कधी कळवली नाही. ती म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदा, आणि ती होती कराचीला.

वागळे मूळचे कराचीचे म्हटलं की मुलुंडची माणसं अजूनही चमकतात. पण वडील तिथल्या बंदरात कारकून होते, मराठी शेजार होता, गणपती बसायचा. फाळणी झाली आणि वागळे बोटीत बसून मुंबईला आले. कुंदाचं लग्न नुकतंच झालं होतं. तिच्या नवऱ्याची बंदरातली नोकरी पक्की, सहा महिन्यांत सगळं निवळेल म्हणून तो मागे राहिला. ते काही निवळलं नाही. एकसष्ट साली कुंदा बोटीने एकदा येऊन गेली. पुढे लढाया झाल्या, बोट बंद पडली, आणि मायलेकींच्या मध्ये उरली ती पत्रं. आईला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून पत्रं लिहायचा मधुकर. प्रत्येक पत्रात शेवटी ठरलेलं वाक्य असे: "आई माझ्याकडे सुखात आहे." कोपरीला रवाना झाल्यावरही ती पत्रात मुलुंडलाच सुखात राहिली.

त्यामुळे त्या वर्षी हवा जरा बदलल्यावर कुंदाने अर्ज केला, तेव्हा भेटीचं ठिकाण म्हणून मुंबईच लिहिलं. तिला व्हिसा मिळाला तो फक्त मुंबईचा. पाकिस्तानातून येणाऱ्याला ज्या गावाचं नाव कागदावर असेल तेवढंच गाव, दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही. मधुकरला त्यात काही अडचण दिसली नाही. ताई येण्याआधी आईला टॅक्सीत घालून मुलुंडला आणायचं, जयाची खोली रिकामी करायची, ताई गेली की आई परत कोपरीला. बेत झकास होता.

ताई यायला आठवडा उरला असताना आई कोपरीच्या मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पलंगाचं पायथ्याचं टोक उचलून विटांवर ठेवलं, पायाला वजनं टांगली आणि बजावलं, "या वयात ऑपरेशन नको. आणि हलवाल तर जिवाशी खेळ आहे."

कुंदा विमानाने आली. कराचीहून सहार विमानतळावर यायला तिला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ कस्टमवाल्याने तिची पेटी उलटीपालटी करण्यात घालवला. पेटीत आईसाठी एक पांढरं लुगडं होतं. कराचीत नऊवारी कुठून मिळणार? तिने मलमलीचे दोन तुकडे घेऊन हाताने जोडले होते, इतक्या बारीक टाक्यांनी की शिवण बोटालाही लागू नये. घरात पाऊल टाकताच तिने ते लुगडं काढलं आणि विचारलं, "आई कुठाय?"

मधुकरने सांगितलं. अर्थात सगळं नाही. आई चार दिवसांसाठी म्हणून अनंताकडे गेली आणि तिथेच पडली, असं सांगितलं. शुभा मान खाली घालून बटाटे सोलत राहिली.

"मग चल कोपरीला," कुंदा म्हणाली. "मी तोंडसुद्धा धूत नाही."

"ताई, कोपरी ठाण्यात येतं. तुझा व्हिसा मुंबईचा आहे."

कुंदाला आधी ती थट्टाच वाटली.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात तिची नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला हवालदार कुंडलिक घरी आले. पोट सुटलेला, थकलेला, बरा माणूस. चहा घेता घेता त्यांनी सगळी हकीकत ऐकली, बशीतला चहा संपवला आणि मधुकरला जिन्यात बोलावलं.

"साहेब, माणूस जेवल्यावर फिरायला जातो ना? फिरत फिरत कुठवर जातो ते काय आम्ही मोजत नाय. नाक्यावर ट्रक अडवतात, बाया नाय अडवत. आज न्या, भेटवा, आणा. मला काय विचारू नका म्हणजे झालं. विचारलंत तर मला नाय म्हणावं लागंल."

इतकं साफ तर कोणी लेकराला सांगत नाही. पण मधुकरची तीस वर्षं सरकारी कचेरीत गेली होती. न विचारता केलेली गोष्ट म्हणजे चोरी, आणि विचारून न झालेली गोष्ट म्हणजे नशीब, हे त्याच्या हाडामासात भिनलं होतं. शिवाय बढतीची फाईल वर गेलेली, जयाला दाखवायला सुरुवात झालेली, आणि पाहुणीचा जामीन म्हणून सही त्याचीच. रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळी टाईपरायटर काढला आणि मुद्देसूद अर्ज लिहिला: वृद्ध व रुग्ण मातेच्या भेटीसाठी कोपरी येथे जाण्याची परवानगी मिळावी.

"कशाला विचारतोस रे?" कुंदा म्हणाली. "जिन्यातलं मी ऐकलं. तो शिपाई तर जा म्हणाला ना?"

"ताई, नियमात बसवून घेऊ. मग तू रोज जा. उजळ माथ्याने जा."

कुंदाने सही केली. धाकटा भाऊ साहेब झाला, त्याला जास्त कळतं, असं तिला वाटलं. बायकांना असं वाटतं आणि भाऊ साहेब होतात.

दोन दिवसांनी कुंडलिक आले ते बसलेच नाहीत. "काय केलंत हो हे? अर्ज कशापायी दिलात? आता वरच्या साहेबांनी शेरा मारला, निर्णय होईस्तोवर बाईंनी हद्द सोडू नये. मला रोज येऊन बघायचंय बाई घरात हायेत की नाय."

"निर्णय कधी होईल?" मधुकरने विचारलं. कागद कसे चालतात हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

तिकडे कोपरीत वेगळंच सुरू झालं. अनंता रोज आईला सांगायचा, ताई आली आहे, मुलुंडला आहे, परवानगी मिळाली की येते. आई ऐकून घ्यायची. चौथ्या दिवशी तिने तोंड भिंतीकडे केलं. "अनंता, मला फसवू नको रे. कराचीहून निघालेली लेक मुलुंडपर्यंत येऊन थांबते होय? माझी कुंदा गेली. तुम्ही मला सांगत नाही."

अनंता घाबरून मुलुंडला आला. घरात कुंदा होती, म्हणून दोघे भाऊ खाली जिन्याशी बोलले. मधुकरने शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. ताईला सांगितलं, आईला तुझा आवाज ऐकवू. कुंदा बोलली, मध्येच थांबली, पुन्हा बोलली. ती कॅसेट आईच्या उशाशी लावली. आईने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "ही कोण म्हातारी? माझ्या कुंदाचा आवाज असा नाही." पंचवीस वर्षांपूर्वीचा आवाज कानात धरून बसलेल्या बाईने दुसरं काय म्हणावं!

"दादा, ताईला सगळं सांगू आणि आजच नेऊ," अनंता म्हणाला.

"ताईला यातलं एक अक्षर सांगायचं नाही," मधुकर म्हणाला. "ती ऐकणार नाही, निघेल. आणि मग माझी वाट लागेल."

काही न सांगताही ती निघालीच. एका दुपारी शुभा जरा आडवी झाली होती, तेवढ्यात कुंदा लुगडं पिशवीत घालून रस्ता विचारत नाक्याकडे चालू लागली. मधुकर त्या दिवशी अर्धी रजा टाकून आला होता. त्याने तिला नाक्यापाशी गाठलं तेव्हा त्याला धाप लागली होती. कांद्याचे, सिमेंटचे ट्रक रांगेत उभे होते. पायी माणसं इकडून तिकडे जात होती, तिकडून इकडे येत होती, कोणी कोणाकडे ढुंकून पाहत नव्हतं.

"ताई, परत चल. तू चार दिवसांनी निघून जाशील, मी इथेच राहणार आहे. कोणी पाहिलं तर मला नोकरीवरून काढतील. जयाचं लग्न कोण करील सांग?"

"आणि आई?"

"आईची तब्येत सुधारतेय. परवानगी येईल. शपथेवर सांगतो."

ही शपथ त्याने कशाच्या जोरावर घेतली देव जाणे. कुंदाने पलीकडच्या इमारतींकडे पाहिलं. "अनंताची कुठली?" तिने विचारलं. त्याने बोट दाखवलं. पिवळ्या रंगाची, गच्चीवर पाण्याची टाकी असलेली. ती बराच वेळ तिकडे पाहत उभी राहिली आणि मग भावासाठी मागे फिरली. त्या क्षणी मधुकरला हायसं वाटलं. त्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते हायसंच.

बंगलोरची बैठक सुरू झाली त्या संध्याकाळी टीव्हीवर सात देशांचे पुढारी हातात हात घालून उभे राहिलेले दाखवले. मधुकरने सवयीने आवाज वाढवला. कुंदा उठून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांकडे कोपरीहून फोन आला. आई पहाटे गेली.

आता हाड हलायची भीती नव्हती, डॉक्टरांची हरकत नव्हती. आईला मुलुंडला आणायचं आणि अंत्यविधी मुलुंडच्या स्मशानात करायचा असं अनंतानेच ठरवलं, दादाला विचारलंसुद्धा नाही. त्याने ओळखीच्याचा टेम्पो आणला. मधुकर पुढे ड्रायव्हरजवळ बसला, अनंता मागे आईजवळ. नाक्यावर टेम्पो अडवला. मुंबईत शिरणारा टेम्पो म्हटला की अडवतातच.

"माल काय आहे?" जकातीच्या माणसाने विचारलं.

मागून अनंता म्हणाला, "आई आहे. जाऊ द्या."

तो माणूस ओशाळला, हात जोडून बाजूला झाला. टेम्पो मुंबईत शिरला. मधुकरला वाटलं, ट्रक अडवतात, बाया नाही अडवत, हे कुंडलिकांनी सांगितलंच होतं.

दारात चार लोक जमले होते. कुंदा रडली नाही. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि पेटीतलं मलमलीचं लुगडं आणून तिच्यावर घातलं, शिवण बरोबर मधोमध आली ती सारखी केली. नेमके त्याच वेळी कुंडलिक रोजच्या तपासणीला आले. टोपी काढून कडेला उभे राहिले, आणि जाताना डायरी उघडलीच नाही.

स्मशानातून परतल्यावर अनंता बहिणीसमोर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांचं कोपरी सांगितलं. भिंतीकडे केलेलं तोंड सांगितलं. "तू गेलीस असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं, ताई. काल दुपारी तिने तुझ्या नावाने पाणी सोडलं. मला वाटी धरायला लावली." मधुकर खिडकीपाशी उभा होता. कुंदाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

अर्जाचं उत्तर काही आलं नाही. आणि हेच मधुकरला खुपायला लागलं. ताई दोन दिवसांनी जाणार, आणि तिच्या नावाचा अर्ज मागे उघडा राहणार. उद्या कोणी चौकशी केली तर? त्याने पुन्हा टाईपरायटर काढला. 'मातेचे निधन झाल्याने सदर अर्जाचे प्रयोजन उरलेले नाही, तरी तो निकाली काढण्यात यावा.' खाली सहीसाठी जागा सोडली.

कुंदा पेटी भरत होती. त्याने कागद तिच्यापुढे धरला. "ताई, एवढी सही कर. नाहीतर मागाहून मला त्रास होईल."

तिने कागद सावकाश वाचला, दोनदा वाचला. मग आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"मधू, आईने तर माझ्या नावाने पाणी सोडलं. मेलेल्या माणसाची सही चालते का रे तुमच्या कचेरीत?"

मधुकरने पेन मात्र तसंच पुढे धरलं होतं.