पिस्ता रंगाचा रेडिएटर

माझे दाजी नॉर्बर्ट यांना वाफेवर तापणाऱ्या घरातलं काहीही कळत नाही. बाकीच्या गोष्टींतलं त्याहून कमी कळतं. तरी अमेरिकेतल्या बफेलोसारख्या बर्फाळ शहरात जन्मलेला माणूस, त्यामुळे बॉयलरवर मत असणं हा ते आपला हक्क समजतात.

वांडाताई गुरुवारी बाळाला घेऊन हॉस्पिटलातून येणार होती. बाळासाठी ठेवलेली मागची खोली बर्फ झाली होती. ताईने दाजींना फोनवर बजावलं होतं, "खोली तापली नाही तर मी बाळाला घेऊन क्लीव्हलंडला तुझ्या आईकडे जाते. उन्हाळ्यापर्यंत."

"वाफेला जोर कमी पडतोय," दाजी म्हणाले आणि तळघरात जाऊन त्यांनी बॉयलरचा दाब वाढवला.

घर तापलं. स्वयंपाकघरातलं लोणी वाहायला लागलं. वरच्या मजल्यावरचे म्हातारे स्टॅनली गंजीवर खाली आले.

"नॉर्बर्ट, माझ्या मेणबत्त्या लवून नमस्कार करतायत."

"मागची खोली तापेपर्यंत सोसा, काका."

"अरे, ती खोली तापेपर्यंत मी शिजेन."

मागच्या खोलीत मात्र तोंडातून वाफ निघत होती. त्या खोलीला मिळालेली वाफ तेवढीच. दाजींनी दाब आणखी वाढवला. मग ज्या लोखंडी नळ्यांत वाफ येऊन खोली तापते, त्या भिंतीलगतच्या रेडिएटरला हातोडीने ठोकलं. मग त्याच्याशी बोलले. मी बेकार असल्याने दारात उभा राहून सगळं बघत होतो.

"तू काही करणार आहेस का?" त्यांनी विचारलं.

"करतोय ना. तुमच्याबद्दलचं मत पक्कं करतोय."

गुरुवारी ताई आली. कोट काढला, स्वेटर काढला, घामाघूम होऊन मागच्या खोलीत गेली आणि दोन्ही पुन्हा चढवले. मग तिने रेडिएटरकडे पाहिलं.

"हा कोणी रंगवला?"

"मी," दाजी फुलून म्हणाले. "उन्हाळ्यातच. बाळासाठी पिस्ता रंग. चांगले तीन हात दिले."

रेडिएटरच्या कडेला अंगठ्याएवढी कुपी असते. तिच्या भोकातून आतली हवा बाहेर पडते, तेव्हा कुठे वाफेला आत जागा मिळते. दाजींनी ती कुपीही रंगवली होती. मन लावून. भोक बुजलं होतं. आत उन्हाळ्यातली हवा तशीच बसून होती, आणि माझे दाजी तिच्यावर सबंध बॉयलर सोडत होते.

"नॉर्बर्ट, आधी खाली जाऊन दाब उतरव," ताई म्हणाली.

ते उतरवून आले. ताईने बाळाच्या लंगोटाची पिन काढून भोक मोकळं केलं. सुस्स आवाज करत हवा बाहेर आली. लोखंड एका टोकापासून तापत गेलं. खोली गरम झाली.

"बघ," दाजी मला म्हणाले, "दाब वाढवला होता म्हणून."

तेवढ्यात वास सुटला. तो रंग आयुष्यात पहिल्यांदाच तापत होता. जळक्या टायरच्या भजीसारखा वास. बाळाने नाक मुरडलं.

"क्लीव्हलंड?" दाजींनी घाबरत विचारलं.

"कशाला? बाळ माझ्याजवळ झोपेल, आपल्या खोलीत. तू इथे झोप."

"इथे? या वासात?"

"खिडकी उघड."

दाजींनी खिडकी उघडली. बर्फ आत यायला लागलं. मग ते टोपी घालून, कोट घालून, खुशाल पाय पसरून आडवे झाले.

"थंडी आहे रे," ते म्हणाले. "सकाळी दाब बघतो."