पिंजऱ्यातला आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, गोल, वर टांगायला पितळी कडी. एका कारागिराने काच कापली, मागे पारा चढवला आणि एका नव्या नवरीने मला दुकानातून उचललं. पुढे कित्येक वर्षं तिच्या केसांचा भांग, कानातले, डोळ्यांत उरलेली झोप रोज माझ्यात येत राहिली. ती हसली की मला आपणच देखणे आहोत असं वाटायचं. मग ती आजारी पडली, आणि एका सकाळी माझ्यात कुणीच आलं नाही.

तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. ती गेल्यावर जेवणाच्या टेबलापाशी कुणी बसेना. तो ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास गिळायचा आणि मुलगी, ठकी, ताट घेऊन खिडकीत बसायची. घर खायला उठलं होतं. शेवटी ठकीच्या बाबांनी पोपटाचं एक पिल्लू आणलं. एकट्या जिवाला सोबत हवी म्हणून त्यांनी मला पिंजऱ्यात टांगलं. मला टाकायला त्यांचा हात धजत नव्हता आणि घरात समोर ठेवायची छातीही होत नव्हती.

पिल्लाला मी फार आवडलो. माझ्यातल्या पोपटाशी ते तासन्‌तास गुजगोष्टी करायचं. सूर्यफुलाच्या बिया सोडून दुसऱ्या कशालाच ते शिवायचं नाही, आणि त्यांतल्याही निम्म्या पोटातून परत काढून माझ्या काचेला भरवायचं. त्याची छाती बोटाला हाडासारखी लागू लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्टच सांगितलं, नुसत्या बियांवर हे जगणार नाही, पाला, भाज्या, फळं खायला शिकवा.

त्या दिवसापासून गाजराचा कीस झाला, वाटाणे झाले, सफरचंदाच्या फोडी झाल्या. पिल्लू वाटीपाशी यायचं, मान वाकडी करून माझ्याकडे बघायचं आणि मागे सरायचं. बाबांना वाटलं, हट्टी आहे. त्यांनी बिया बंद करून पाहिल्या. पिल्लू पंख फुगवून मलाच चिकटून बसलं.

संध्याकाळी बाबा पिंजऱ्यासमोर उभे राहायचे. पिल्लाच्या डोक्यावरून माझ्यात खोल बघायचे, आणि ते स्वतःला शोधत नव्हते हे मला कळायचं. मी तरी काय करणार? समोर असेल तेवढंच मला दाखवता येतं. तरी माझ्या काचेच्या तळाशी ती अजून भांग पाडत बसली आहे असं मलाच कधी कधी वाटायचं आणि भीती वाटायची.

एकदा पिल्लाला दांडीवर धड उभंही राहवेना. ठकी बराच वेळ पिंजऱ्याला गाल लावून बघत होती. मग म्हणाली, आरसा काढू या. बाबा म्हणाले, तो तुझ्या आईचा आहे, तिथेच राहू दे.

"ते आधी आरशातल्याकडे बघतं, बाबा. तो खात नाही, म्हणून तेही खात नाही," ठकी म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "तुम्ही कुणाकडे बघून जेवत नाही?"

बाबांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. नाजूक कुलपं सहज उघडणाऱ्या त्यांच्या बोटांना माझी कडी सोडवायला मात्र बराच वेळ लागला. त्यांनी मला काढून खणात ठेवलं. खण पुरता लागला नाही, म्हणून फटीतून मला दिसत राहिलं. त्यांनी पिंजरा उचलून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, ठकीला जवळ बसवलं आणि गाजराचा तुकडा तोंडात घालून कुडुमकुडुम चावला. त्यांचे डोळे वाहत होते. पिल्लू मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. त्यांनी उरलेला तुकडा पुढे केला. पिल्लाने तो घेतला, टाकला, पुन्हा उचलला आणि चावला.

आता तिघं रोज तिथेच जेवतात. मला कुणी बाहेर काढत नाही, आणि मित्रांनो, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण तुमच्या घरी कुणी अन्नावरून तोंड फिरवलं, तर त्याच्यापुढे माझ्यासारखा कुणी टांगू नका. मी घास घेऊ शकत नाही. तुम्ही जवळ बसा आणि त्याच्यादेखत आधी तुम्ही खा.