डाव्या हाताला लसूण

"वाती स्वतःच वळायच्या, विकतच्या नकोत," असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. यंदा चातुर्मासात मी लक्ष वातींचा नेम धरला, तोही स्वतः वळूनच. त्रिपुरी पौर्णिमेआधी पुऱ्या व्हायला हव्यात, आणि नेमकी नखं रुसली. पापुद्रे सुटले, टोकं चिरली. वात वळायला घ्यावी तर कापूस नखात अडकतो.

लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या भजनी मंडळात मी हात पुढे केले, तशा सगळ्यांनी टाळ खाली ठेवले.

"शनी आहे," शेजारच्या अलकनंदाताई म्हणाल्या.

"लसूण चोळा. बिल्कुल दगड होतात नखं," विनया म्हणाली.

"अगं, चातुर्मासात लसूण?"

"खायची कुठे आहे? चोळायचीय."

"आणि त्याच हाताने नैवेद्य दाखवायचा?"

बराच खल होऊन डाव्या हाताला लसूण चालेल, उजव्याला नाही, असं ठरलं. भजन राहिलं.

सून केतकीने नोएडाहून फोनवर गोळ्या सुचवल्या. "आई, जेलीच्या असतात, नुसत्या चघळायच्या." जेली कशाची, असं विचारल्यावर तिला मीटिंग लागली. तिची नखं पार्लरमध्ये चिकटवलेली, त्यामुळे मजबूत आहेत.

शेवटी डॉक्टर सुनीतींकडे गेले.

"हात पाण्यात किती वेळ असतात?" त्यांनी विचारलं.

मी कौतुकाने सांगितलं, देवाची उपकरणी आधी चिंचेने, मग साबणाने, मग सोवळ्यासाठी पुन्हा.

"नखं भिजतात, वाळतात, परत भिजतात. म्हणून चिरतात. उपासाला काय खाता?"

"साबुदाणा. आणि चहा."

"दूध, दाणे, राजगिरा देवाला चालत नाही का?"

"चालतं की."

"मग ते खा. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासू. नखं आखूड ठेवा, कडा घासून घ्या, म्हणजे कापूस अडकणार नाही. हात पुसले की खोबरेल लावा. आणि उपकरणी घासताना रबरी हातमोजे. शब्द द्या."

मी दिला.

मंडळात विचारलं असतं, तर रबर सोवळ्यात बसतं का, यावरच पौर्णिमा उलटली असती. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून उपकरणी बेसिनमध्ये ठेवली. अलकनंदाताईंची खिडकी अगदी समोर येते. मी पडदा ओढून घेतला, हातमोजे चढवले आणि नळ सोडला.