तेगू हे माझे नाव, जात नव्हे

विषय : मी तेगू नसल्याबाबत.
संदर्भ : घरात बंदी असलेला परदेशी सरडा ठेवल्याबद्दल परवाना कार्यालयाकडून आलेले पत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, राहणार काचेची पेटी, दिवाणखाना, केलीव्हिल, सिडनी, बोलतो आहे. मी ब्लू-टंग सरडा. मराठीत आमच्या कुळाला सापसुरळी म्हणतात. जीभ निळी, पाय नावापुरते, शेपूट लवकर आटोपलेली. अंड्यातून येण्याची औपचारिकता आमच्यात नाही. मी थेट जन्मलो, आणि तोही याच देशात.

माझा पहिला मालक यतिन. तो वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत शिकत होता. नोकरी लागली, नवीन घरमालकाला सरडे चालेनात, म्हणून त्याने मला आपल्या मावसबहिणीकडे, सुखदाकडे, आणून सोडले.

सुखदाच्या लेकीला, निहारिकाला, अमेरिकेतले व्हिडिओ बघून तेगू हवा होता. तो दोन-अडीच हात लांबीचा, दणकट पायांचा सरडा तिकडे सोफ्यावर लोळतो म्हणे. ऑस्ट्रेलियात तो पाळता येत नाही. निहारिकाने मला नीट न्याहाळले. "Fine. He's my Tegu," ती म्हणाली. झाले बारसे.

माझी बडदास्त उत्तम आहे. पेटीच्या एका टोकाला गरम दिवा, दुसरीकडे गारवा. भोपळा, पालेभाजी, उकडलेले अंडे, अधूनमधून गोगलगाय. एकदा निहारिकाचे आजोबा, पद्माकर, मला कांदेपोहे देऊ लागले.

"बाबा, कांदा विष आहे त्याला!" सुखदा ओरडली.

"मग पोह्यांत घालायचं काय?" आजोबांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

इथे सरडा पाळायला परवाना लागतो; तो यतिनच्या नावावरून सुखदाच्या नावावर करून घेण्याचे काम आजोबांनी मागून घेतले. ते निवृत्त कारकून; अर्ज दिसला की त्यांचा चेहरा उजळतो. पण 'स्पीशीज' या रकान्यापाशी ते थांबले.

"म्हणजे जात, बाबा."

"अख्खी नोकरी जातीचे दाखले काढण्यात गेली. आता सरड्याची जात विचारू? नाव पुरे."

सुखदाला शिफ्टला उशीर होत होता. आजोबांनी नावाच्या आणि जातीच्या, दोन्ही रकान्यांत 'तेगू' लिहिले. माणसाचे तत्त्व कुठे जागे होईल, सांगता येत नाही.

मग ते पत्र आले. तेगू ठरलो, तर मला जप्त करणार होते, आणि जप्त तेगूला सहसा कायमच्या झोपेचे इंजेक्शन देतात. निहारिका त्या दिवशी जेवली नाही. आजोबाही जेवले नाहीत, पण पोट बिघडल्याचे सांगून.

अधिकारी आल्या त्या हातात पिंजरा घेऊन. नाव लिलियन, मूळच्या वसईच्या. निहारिका पेटीला मिठी मारून उभी होती.

"You can't take him!"

"जरा बघू तरी दे ग, बाय."

पिंजरा जवळ आला तसा मी जबडा उघडला आणि सगळी जीभ बाहेर काढली. मी घाबरलो होतो असे काही जण म्हणतात. मी पुरावा सादर करत होतो.

लिलियन हसू लागल्या. "काका, तेगूची जीभ टोकाला चिरलेली असते. ही बघा, शाई प्यायल्यासारखी! तेगू कुणी लिहिलं?"

आजोबा छताकडे पाहू लागले.

"So he's safe?" निहारिकाने विचारले.

"माझ्या रिपोर्टात सेफ. पण कागदावर अजून तेगूच आहे. दुरुस्तीचा अर्ज करा, निर्णय होईपर्यंत इथेच राहू दे. आणि जमलं तर नाव बदला."

"नीलकंठ?" आजोबांनी सुचवले.

"No way, आजोबा. He knows his name."

रिकामा पिंजरा परत गेला. त्याच दुपारी अर्ज सादर झाला. जातीच्या रकान्यात 'ब्लू-टंग', आजोबांनी स्वतः लिहिले. नावाच्या रकान्यात, निहारिकाच्या आग्रहास्तव, 'तेगू'.

कार्यालयास एकच विनंती : थंडीत मी झोपतो. निर्णय तेव्हा झाल्यास मला उठवू नये, निहारिकाला कळवावे.

अर्ज प्रलंबित आहे.