ताई गोड बोलल्या त्या दुपारी

दुपारची जेवणं आटोपली, आणि कंपनीच्या गाड्या एकामागून एक रस्त्यात थांबायला लागल्या.

ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा होता. पडद्यावर नकाशा, नकाशावर ठिपके. चालती गाडी हिरवी, उभी गाडी लाल. फोनवर बसणाऱ्या ताईंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तेव्हा सगळा पडदा हिरवागार होता. ग्लास खाली ठेवला तेव्हा उत्तरेचा एक ठिपका लाल झालेला. मग त्याच्या शेजारचा. मग डोंगराकडचा, मग नदीकडचा. जशी एका घरातली रडारड ऐकून दुसऱ्या घराची दारं उघडावीत, तसे ठिपके लाल होत गेले.

मालक आतल्या खोलीतून धावत आले. "संप? संप केला की काय यांनी?"

"मी तर आत्ताच बोलले सगळ्यांशी," ताई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तसंच. गोड."

गोड बोलायची टूम सकाळची होती. आठवडाभरात तीन चांगले ड्रायव्हर नोकरी सोडून समोरच्या कंपनीत गेले होते. समोरच्या गाड्या जुन्या, केबिन उन्हात तव्यासारखी तापणारी. मालकांना काही उमगेना. इथं नव्या गाड्या, गार केबिन, पगार तारखेला. "आता काय चंद्र तोडून आणून देऊ?" असं ते जाणाऱ्या एकाला म्हणाले होते. तो हसला नुसता. म्हणाला, "चंद्र नको मालक. असू दे."

घरी मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या ताई फोनवर बोलतात की खिळे ठोकतात? दिवसदिवस रस्त्यावर असतात ती माणसं. जेवलास का, असं कुणी विचारतं त्यांना?"

मालकांना पटलं. आल्या आल्या त्यांनी ताईंना सांगितलं, आजपासून प्रत्येकाला विचारायचं, जेवलास का. आणि शेवटी म्हणायचं, सावकाश ये.

ताईंचं बोलणं खरंच खिळ्यांसारखं होतं. कुठे आहेस, डिझेल किती, कधी पोचतोस, ठेव. ड्रायव्हर त्यांच्या नकला करायचे, आणि त्यांच्यावर जीवही टाकायचे. पण मालकाचा शब्द. ताईंनी जिभेवर साखर ठेवली आणि पहिला फोन लंबूला लावला. लंबू म्हणजे इतका उंच ड्रायव्हर, की केबिनमध्ये त्याची टोपी छताला घासायची.

"लंबू, जेवलास का रे?"

पलीकडे इंजिनाची घरघर. लंबूचा आवाज नाही.

"अरे ऐकू येतंय ना? जेवलास का?"

"ताई," लंबू म्हणाला, "काय झालं?"

"कुठे काय? सहज विचारलं. सावकाश ये हं."

फोन कट झाला. ताईंना वाटलं, पोराला भरून आलं. दुसऱ्याचंही तसंच झालं, तिसऱ्याचंही. एकजण तर "बरं ताई" म्हणताना हुंदका गिळत होता. बघा, दोन शब्दांची भुकेली माणसं, असं म्हणत ताईंनी पार शेवटच्या गाडीपर्यंत फोन केले. त्यांचेच डोळे ओलावले होते.

आणि आता पडदा लाल झाला होता, आणि ऑफिसचे सगळे फोन एकदम वाजत होते.

पहिल्या फोनवर एका ड्रायव्हरची बायको होती. "ताई, काय सांगितलंत यांना? मला फोन करून रडतायत. मी जिवंत आहे म्हटलं तरी ऐकेनात. पोरीला शाळेतून आणून दाखव म्हणतात!" दुसऱ्या फोनवर कुणाची तरी म्हातारी आई, रागानं फणफणत. "अगं, मी चांगली धडधाकट बसलेय, आणि हा विचारतो, खरं सांग, तूच बोलतेयस ना!"

ताईंनी दोन्ही फोन खाली ठेवले. त्यांनी लंबूला फोन लावला आणि समोर उभ्या असलेल्या मालकांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"ताई, कोण गेलं?" लंबूनं विचारलं. "घरचे सगळे फोन उचलतायत. एकटा काका राहिलाय. काका गेला का?"

"अरे कुणी गेलं नाही! कुणालाच काही झालेलं नाही!"

"मग तुम्ही गोड का बोललात?"

ताईंनी मालकांकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही वर्षभर आमच्यावर खेकसता, आम्ही खुशाल गाडी चालवतो. तुमची शिवी आली की समजायचं, घर जागेवर आहे. तुम्ही मऊ बोललात, जेवलास का म्हणालात, की ज्याला म्हणालात त्याच्या घरातलं माणूस गेलेलं असतं. हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. आणि तुम्हाला नाही?"

ताईंना माहीत नव्हतं. पण ऐकल्याबरोबर ते खरं आहे हे त्यांना कळलं, आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या, कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारख्या.

कंपनीत एक नियम होता. फार पूर्वी एका ड्रायव्हरला चालत्या गाडीत भाऊ गेल्याची बातमी कळली, आणि त्याची गाडी घाटात उलटली. तो वाचला नाही. तेव्हा मालकांनी नियम केला. माल उतरेपर्यंत ड्रायव्हरला घरची वाईट बातमी सांगायची नाही. घरच्यांनीही त्याला फोन करायचा नाही, ऑफिसला करायचा. ऑफिस योग्य वेळी सांगेल. नियम मायेपोटीच केला होता. पण बातमी पोटात ठेवून त्या ड्रायव्हरशी बोलताना ताईंचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. जेवलास का, विचारायच्या. सावकाश ये, म्हणायच्या. ती साखर कशावर पसरलेली असते, हे ड्रायव्हरांनी केव्हाच ओळखलं होतं.

"मालक आहेत का तिथं?" लंबू म्हणाला. "मालक, ते तिघं का गेले विचारत होतात ना? समोरची केबिन तापते. पण तिथली बाई घरची बातमी घरच्यासारखी सांगते. बस."

ताईंनी पुन्हा सगळ्यांना फोन लावले, "मेल्यांनो, सगळं ठीक आहे, निघा" म्हणून. काहींनी विश्वास ठेवला. काही म्हणाले, गाडी हलवायला हात धजत नाही, जरा बसतो. एकानं मात्र फोन उचललाच नाही. गवईनं.

गवई हा गाडीत गायचा. कोणी न ऐकलेली, स्वतः जुळवलेली गाणी. "रस्ता माझा बाप गं, माती त्याची मिशी, वळणावर हाक मारी, थांब म्हणे जराशी." यार्डात त्याची गाडी शिरायच्या आधी आवाज शिरायचा. त्याला आई नव्हती. मोठ्या बहिणीनं वाढवलेला. तिला तो अक्का म्हणायचा. गेल्याच महिन्यात अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

गवईचा ठिपका नदीच्या पुलावर लाल होता.

"पुलावर," मालक म्हणाले. "पुलावर कशाला थांबला?"

मागून येणाऱ्या गाडीतल्या ड्रायव्हरला ताईंनी पुलाकडे पाठवलं. त्याचा फोन आला. "ताई, गाडी आहे. किल्ली गाडीतच. दार सताड उघडं. एक चप्पल पायरीवर पडलीय. गवई नाही." आणि मग, आवाज खाली आणून, "मी पाण्यात बघतोय. काही दिसत नाही."

मालक उभे होते ते बसले. काही वेळानं पुन्हा उभे राहिले. घाटातल्या त्या माणसासारखं दुसरं होऊ नये म्हणून केलेला नियम, आणि आज कुणी मेलेलं नसताना एक माणूस पुलावरून नाहीसा. ताई अक्काचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या. घंटी वाजत राहायची. उन्हं खिडकीतून सरकून टेबलावर आली, तरी कुणी पंखासुद्धा लावला नाही.

शेवटी अक्काचाच फोन आला.

"ताई, हा इथं आलाय." ती धापा टाकत होती. "कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला. एका पायात चप्पल. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, फोन घरात. हा दाराबाहेर पायरीवर बसून राहिला, आत येईचना. शेजारणीला विचारतो, कधी गेली? ती म्हणते, कोण? मी पुढे आले तर मला बघून किंचाळला हो. एवढा बाप्या माणूस, भूत बघावं तसा!"

ताईंच्या जिवात जीव आला.

"त्याला दे," त्या म्हणाल्या आणि स्पीकर चालू केला. "मालकही ऐकतायत."

गवई फोनवर आला. गायचा तो आवाज हा नव्हता.

"मालक, गाडी सोडून आलो. नोकरीवरून काढायचं तर काढा."

"गाडी गेली खड्ड्यात," मालक म्हणाले. "तुला काय हवंय ते सांग बाबा. तुम्हा सगळ्यांना काय हवंय? मी आयुष्यभर हेच विचारतोय."

"तुम्ही विचारत होता गाडीबद्दल, मालक. टायर कसले हवेत, केबिन कशी हवी." गवई म्हणाला. "माझी बातमी माझी आहे. ती मला द्या. आधी म्हणा, गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर. मग सांगा. आणि बदली ड्रायव्हर पाठवा, म्हणजे मी घरी जाईन आणि माल त्याच्या वाटेनं जाईल. शिव्या घालत सांगितलंत तरी चालेल. एवढंच हवंय."

"दिलं," मालक म्हणाले. "आजपासून. शब्द दिला."

मालकांना वाटलं, संपलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. पण गवईनं फोन ठेवला नव्हता.

"ताई, एक विचारू? दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. तुम्ही मला जेवलास का विचारलंत. माल उतरल्यावर सांगितलंत, वडील गेले. तुम्ही फोन केलात तेव्हा ते गेलेले होते ना? ते तेवढं सांगा. ते मला कुणी सांगत नाही. अक्कापण नाही."

मालकांनी ताईंकडे बघून मान हलवली. नको. नका सांगू.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर फोनकडे वळवली.

"नीट बसलायस का?"

"अक्काच्या दारात बसलोय."

"भिंतीला टेक." त्यांचा आवाज खिळ्यासारखा होता, एकेक शब्द सरळ आत जाणारा. "ते गेलेले नव्हते. सकाळपासून विचारत होते, कुठवर आला. अक्का फोन त्यांच्या कानाला लावायची आणि मी पडद्यावर बघून सांगायचे. नदी ओलांडली का म्हणाले. म्हटलं, ओलांडली. मग म्हणाले, गावच्या फाट्याला आला की सांगा, मी उठून बसतो."

फोनमधून अक्काचा आवाज आला, "ताई, नको हो."

"तू फाट्याला आलास. मी सांगितलं, आला. अक्कानं त्यांना उशीला टेकवून बसवलं. ते दाराकडे बघत होते. तुला काही माहीत नव्हतं, तू गाडी सरळ पुढे नेलीस. मी पडद्यावर बघत होते. तेव्हा मी तुला फोन केला. आणि विचारलं, जेवलास का."

मालकांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. हा नियम त्यांनी स्वतः केला होता, आणि त्याच्या आत काय काय घडत होतं ते त्यांना आज कळत होतं.

ताईंनी फोनवरून नजर हलवली नाही. आता तो ओरडेल, शिव्या देईल. त्यांनी ते सगळं ऐकायची तयारी केली.

"ताई," गवई म्हणाला. "उठून बसले होते?"

"हो रे. बसले होते."