आठातले सहा

वहिनीनं शब्द टाकला म्हणून मला या हॉस्पिटलात नोकरी लागली. ती लॅबची प्रमुख, मी कॉम्प्युटर सांभाळणारी. म्हणजे माझं काही बिघडलं की बोलणी दोघींना. त्या आठवड्यात आम्ही ती पोटभर खाल्ली. लॅबचा रिपोर्ट उघडायला इतका वेळ लागायचा की पेशंट खिडकीवर हात आपटायचे. शेवटी मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, "आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर हे काम बाहेरच्या कंपनीला." म्हणजे मी घरी, आणि वहिनीनं मान खाली घालायची.

आमच्याकडे मोठा सर्व्हर एकच. त्याच्या पोटात प्रत्येक विभागाचा एकेक व्हर्च्युअल, म्हणजे नुसता मानलेला कॉम्प्युटर. आणि इथली रीत अशी की जो ओरडेल त्याच्या वाट्याला आणखी दोन प्रोसेसर लिहून द्यायचे. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात ना! एक्स-रेवाले ओरडले, दिले. बिलिंगवाले रुसले, दिले. लॅबचे तर आठ झाले होते, तरी गोगलगाय बरी.

सकाळपासून मी मेमरी पाहिली, डिस्क पाहिली, केबलसुद्धा बदलली. सगळं ठणठणीत. मग प्रोसेसरसाठी कोण किती ताटकळतं तो आकडा उघडला आणि कपाळावर हात मारला. ज्याला जास्त दिले, तोच जास्त ताटकळत होता, कारण खरे प्रोसेसर मोजकेच आणि त्याला तेवढे सगळे एकदम मोकळे हवेत. कॅन्टीनमध्ये आठजण 'बसू तर एकाच टेबलावर' म्हणून अडून राहतात आणि दोघंदोघं येणारे जेवून हातसुद्धा धुतात, तसं. आम्हीच लाड करून सगळ्यांना उपाशी ठेवलं होतं.

उपाय सोपा होता, दिलेलं परत घ्यायचं. पण देतंय कोण? एक्स-रेवाल्यांनी हात जोडले. बिलिंगवाल्या काकू म्हणाल्या, "आधी दुसऱ्यांचे काढ, मग बघू." उरली वहिनी, आणि तिच्याच खिडकीसमोर सगळ्यात लांब रांग.

"वहिनी, तुझ्या आठातले सहा काढते. थोडा वेळ लॅबचा कॉम्प्युटर बंद ठेवावा लागेल."

"अगं, आधीच रखडतंय, त्यात काढणार?"

"काढले की पळेल."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातमोजे काढून खिडकीत गेली. "जरा थांबावं लागेल," ती लोकांना म्हणाली, "काय बोलायचं ते मला बोला." लोक बोललेही. ती ऐकत उभी राहिली.

मी बंद केलं, आठाचे दोन केले, चालू केलं. बोट लावताच रिपोर्ट उघडला. दुसराही. रांग ओसरायला लागली, तशा बिलिंगवाल्या काकू स्वतःच धावत आल्या, "आमचेपण काढ की गं!" संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "नवीन काय बसवलंस?" म्हटलं, काही नाही, होतं तेच कमी केलं. त्यांना ते कळलं नाही, पण माझी नोकरी राहिली.

घरी जाताना मी म्हटलं, "वहिनी, तुझे उपकार कसे फेडू? पण तुला माझं पटलं कसं?"

"पटलं कुठे? मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं."

"मग?"

"एरवी विचारलं की तू म्हणतेस, होईल बहुतेक. आज बहुतेक म्हणाली नाहीस."

मला भर रस्त्यात रडू आलं. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं माझ्या सख्ख्या भावानंही कधी ऐकलेलं नाही.