अंगालगतचा सदरा

एल्कची, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाची, शिकार दोन दिवसांवर आली होती, आणि माझा थोरला भाऊ आस्लाक नवा कोट अंगात घालूनच माझ्या दुकानात शिरला. त्याच्या मागोमाग हालस्टाइन आला, आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या. त्याला हातमोजे हवे होते.

"बघ," आस्लाक दोन्ही हात पसरून म्हणाला. "शहरातून आणलाय. शुद्ध लोकर. आत चिठ्ठीच शिवलीय तशी."

माझं दुकान लोकरीचं. सूत, विणलेले कपडे, आणि मळून मळून बनातीसारखं दाट केलेलं जाड कापड. नवऱ्यामागे मी त्याच्यावरच जगते. कापड आलं की मी ते आधी कानाशी धरते. डोळ्यांना फसवता येतं, कानाला नाही. आस्लाकच्या कोटाची बाही मी बोटांत चोळली. वाळक्या पानांवर उंदीर पळावा तसा आवाज आला.

"हा कोट घालून तू नुसती मान वळवलीस, तरी एल्क स्वीडनमध्ये जाऊन थांबेल," मी म्हटलं.

"तुला काय, दुसऱ्याचा माल म्हटला की खोट दिसतेच."

मी मेणबत्ती पेटवली. कोटाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि मेणबत्तीवर धरला. लोकर जळाली की केस जळल्याचा वास येतो, आणि राख बोटांत भुगा होते. हा धागा जळला नाही. वितळला, आणि टोकाशी काळा टणक मणी होऊन बसला. तो मणी मी आस्लाकच्या तळहातावर ठेवला.

हालस्टाइन वाकून बघत म्हणाला, "कोट कसला, मेणबत्तीच पांघरून आलास की रे!"

आस्लाकचे कान लाल झाले. एरवी मीही हसले असते. पण त्या वर्षी हसण्याजोगं काही नव्हतं.

आमच्या टोळीचा नियम एकच, पण दगडासारखा. कुत्र्यांनी जनावर उठवायचा हाका सुरू झाला की प्रत्येकाने आपापल्या ठिय्यावर बसायचं, आणि म्होरक्याचं शिंग वाजेपर्यंत तिथून हलायचं नाही. गेल्या साली चार तास गारठल्यावर आस्लाक पाय मोकळे करायला म्हणून उठला आणि झुडपांतून चालू लागला. पलीकडे बसलेल्या पेडरला हलती फांदी दिसली. गोळी आस्लाकच्या टोपीवरून हातभर अंतराने पाइनच्या खोडात घुसली. त्यानंतर पेडर आठवडाभर जेवला नव्हता. टोळीने आस्लाकला काढायचंच ठरवलं होतं. हालस्टाइनने एक वर्ष मागून घेतलं.

"आस्लाक," हातमोज्यात बोटं घालून बघत हालस्टाइन आता म्हणाला, "यंदा ठिय्या सुटला, तर तुझ्याविरुद्ध पहिला हात माझा वर जाईल. मग आयुष्यभर टोळीत जागा नाही."

"नाही सुटणार."

"निश्चयाने थंडी जात नसते."

तो गेल्यावर आस्लाक स्टुलावर बसला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. घरी एकटा. या टोळीतली जागा आणि हिवाळ्यापुरता मांसाचा वाटा गेला, तर वसंतापर्यंत दार ठोठावणारं कुणी नव्हतं त्याला. तो मणी अजून मुठीत धरून म्हणाला, "गुनवोर, तूच निवड. मी एक शब्द बोलणार नाही."

अर्थात बोलला. प्रत्येक कपड्याला बोलला.

अंगालगत घालायला कोवळ्या कोकरांच्या लोकरीची लांब बाह्यांची बंडी काढली. तिच्यावर सैल विणीचा स्वेटर; विणीच्या फटींत हवा राहिली पाहिजे, ऊब तीच धरते. वर मळून दाट केलेल्या कापडाचा करडा कोट, त्याच्या मापापेक्षा एक माप मोठा.

"पोत्यासारखा दिसेन मी यात."

"एल्कशी तुझं लग्न लावायचं नाहीये. आत दोन थर मावले पाहिजेत. घट्ट कोट म्हणजे हवा बाहेर आणि तू आत एकटा."

बुटांत बोटं हलतील एवढी जागा आहे की नाही, ते मी गुडघ्यावर बसून चाचपलं. पाच बोटांचे हातमोजे काढून घेतले आणि एका कप्प्याचे जाड दिले, म्हणजे बोटं एकमेकांच्या सोबतीला राहतील.

"आता नीट ऐक. चढताना कोट आणि स्वेटर पिशवीत. चढताना थंडी वाजलीच पाहिजे. घाम आला की तू हरलास. ठिय्यावर पोहोचून अंग निवलं की मग सगळं घालायचं. आणि अंगाला लागून लोकरच. सुती काही घालायचं नाही."

त्याने मान डोलावली. प्रार्थनाघरात झोप लागली की डोलावतो, तशी. ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शिकारीच्या दिवशी उजाडताना हालस्टाइनने टोपी काढून प्रार्थना म्हटली. आम्ही नऊ जण. जंगलातला हिस्सा ज्याचा, त्याला टोळीत जागा. नवऱ्याच्या हिश्श्याबरोबर त्याची जागा माझ्याकडे आली होती. टोळीत मी एकटीच बाई. पहिल्या वर्षी सगळे माझ्याकडे बघत, आता माझ्या बंदुकीकडे बघतात.

तासाभराची उभी चढण; आस्लाक सगळ्यांच्या पुढे निघून गेला होता. वर पोहोचलो तेव्हा वारा पडला होता आणि थंडी मात्र दात लावून बसली होती. आस्लाकचा ठिय्या माझ्यासमोर दोनशे पावलांवर, मध्ये गोठू लागलेली दलदल. पेडर दलदलीच्या खालच्या टोकाला. मला आस्लाक दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होता. त्याने स्वेटर घातला, कोट चढवला, ओंडक्यावर बसला. सगळं सांगितल्यासारखं. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

हाका डोंगरापलीकडून सुरू झाला. कुत्र्याचा आवाज यायचा आणि विरायचा.

दुसऱ्या तासाला आस्लाक कुडकुडायला लागला. कुडकुडणं चांगलं, अंग लढतंय असा त्याचा अर्थ. तिसऱ्या तासाला त्याचे खांदे इतके हलत होते की मी दुर्बीण खाली ठेवली. बस रे दादा, बसून राहा, एवढंच मनात म्हणत होते. तो बसून होता. आयुष्यात इतका आज्ञाधारक तो आईपुढेही नव्हता.

मग कुडकुडणं थांबलं.

मला वाटलं, ऊब धरली लोकरीने. देवाचे आभारसुद्धा मानले मी. बारीक बर्फ पडायला लागला होता. पुन्हा दुर्बीण लावली, तर त्याच्या हातातला मोजा गळून पडलेला, आणि तो त्याच्याकडे बघत होता, नुसता बघत. उचलत नव्हता. मग त्याने उघड्या बोटांनी कोटाचं बटण शोधायला सुरुवात केली. एक सुटलं. दुसरं सुटलं. स्वेटरचा आणि बंडीचा गळा त्याने खाली ओढला, आणि आत मला पांढरं दिसलं.

पांढरी कॉलर. इस्त्रीची.

आमचे वडील शिकारीच्या पहिल्या दिवशी चर्चचा सुती सदरा आत घालून जात. जीव घ्यायला निघालो आहोत, तर ज्याने तो जीव घडवला त्याच्यापुढे स्वच्छ सदऱ्यात उभं राहावं, असं म्हणत. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती रीतही गेली, असं मी धरून चालले होते. आस्लाकने ती धरून ठेवली होती. माझी बंडी त्याने त्या सदऱ्यावरून घातली होती. म्हणजे चढणीचा सगळा घाम सदऱ्याने पिऊन ठेवला होता, आणि तीन तास तो बर्फासारखा त्याच्या छातीला चिकटून होता.

गारठा जिवाशी आला की माणसाला उकडायला लागतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कपडे काढायला लागतो, आणि मग फार वेळ उरत नाही.

कुत्रा भुंकला. या वेळी जवळ. डोंगराच्या अलीकडे. एल्क दलदलीकडेच येत होता.

हाक मारावी? हाक ऐकून तो उठला, चालत माझ्याकडे यायला लागला, तर सरळ पेडरच्या बंदुकीसमोर. आणि ठिय्या त्याने सोडला असंच होणार. हवेत बार काढावा? बार ऐकला की सगळे समजणार, जनावर पडलं; जागचं कुणी हलणार नाही. शिंगाला अजून दोन तास होते. राहिले माझे पाय. पण बर्फात दलदल ओलांडणारं करडं काहीतरी पेडरला दिसणार, आणि त्याच्या मागून कुत्रा भुंकत येणार.

मी गोळ्या काढल्या, बंदूक खोडाला टेकवली आणि उभी राहिले. पाय पुढे पडेना. देवा, म्हटलं, आवाज दे.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक फिरता उपदेशक आला होता. अर्धा उपदेश तो बोलायचा, आणि शब्द पुरेनासे झाले की तिथूनच गायला लागायचा. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना त्याने एक ओळ इतक्यांदा आळवली होती की बाकं गहिवरली होती. तीच ओळ माझ्या तोंडात आली. *उघड्यावर आहेस, तरी माझ्या हातात आहेस.* मी गळा फाडून गायला लागले आणि दलदलीत उतरले.

पायाखाली बर्फाची साय फुटत होती. गुडघ्यापर्यंत पाणी. खालच्या टोकाला पेडर कुठे होता ते दिसत नव्हतं, पण त्याची नळी माझ्या बरगड्यांवर आहे हे मला हात लावल्यासारखं जाणवत होतं. श्वास संपला की ओळ तुटायची; तुटू द्यायची नव्हती. अर्ध्यावर आले आणि डावीकडे फांद्या मोडल्या. नर एल्क बाहेर आला, घोड्याहून उंच, शिंगांवर शेवाळ लोंबत होतं. माझ्यापासून चाळीस पावलांवर थांबला. मी गात होते. त्याने नाक वर केलं, वळला आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघून गेला. टोळीचं हिवाळ्याचं मांस गेलं, हे मला तेव्हाच कळलं. मी थांबले नाही.

आस्लाक ओंडक्यावरच होता. "गुनवोर," जड जिभेने म्हणाला, "किती उकडतंय गं आज."

"हो. काढूया सगळं."

कोट, स्वेटर, बंडी काढली. सदरा साल सोलावी तसा काढावा लागला. मग त्याच्याकडे पाठ करून मी माझी बंडी उतरवली. थंडीने एकदम गळ्याशीच धरलं. माझी कोरडी, अंगाची ऊब असलेली बंडी त्याच्या डोक्यातून घातली, माझा स्वेटर, त्याचा स्वेटर, त्याचा कोट. त्याची दमट बंडी मी घातली. ओलसर होती, पण लोकर होती. लाज राखण्याएवढी ऊब तिच्यात होती. वरून माझा कोट ओढला. त्याचे हात माझ्या काखेत धरले आणि गात राहिले, पेडरला कळावं म्हणून की इथे माणसं आहेत.

किती वेळ गेला ठाऊक नाही. त्याचा जबडा एकदा हलला. मग दात वाजले. मग सगळं अंग थडथडायला लागलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

"सदरा का घातलास रे मेल्या?"

"बाबा घालायचे."

"बाबा चढताना दर शंभर पावलांवर थांबायचे. तू शर्यत लावल्यासारखा चढलास!"

"उशीर झाला असता तर हालस्टाइन…" त्याला पुढे बोलता येईना.

गाणं ऐकून शिंग वेळेआधी वाजलं. माणसं धावत आली. पेडर सगळ्यात पुढे, चेहरा पिठासारखा. "नेम धरला होता मी," तो म्हणाला. "करडं काहीतरी हललं. बोट घोड्यावर होतं. मग गाणं ऐकू आलं." तो बर्फातच बसला.

हालस्टाइनने आस्लाकच्या डोळ्यांत पाहिलं, मनगट धरून पाहिलं, त्याला गरम कॉफी पाजली. मग दलदलीकडे वळला. फुटलेल्या बर्फाची एकच वाट होती, माझ्या ठिय्यापासून इथपर्यंत.

"मी बोलावलं तिला," आस्लाक घाईने म्हणाला. "मी ओरडलो. चूक माझी."

"खोटं बोलतोय," मी म्हटलं. "तो हललाही नाही आणि बोललाही नाही. पावलं माझी आहेत."

हालस्टाइनने टोपी काढली. "गुनवोर, ठिय्या कुणी सोडला एवढंच नियम विचारतो. का सोडला, ते विचारत नाही. हा नियम मी आणि तुझ्या नवऱ्याने मिळून केला होता."

"माहीत आहे मला."

"अगं, आज मी 'का' म्हणून विचारलं, तर उद्या प्रत्येक जण आपला 'का' घेऊन येईल. आणि मग कुणीतरी मरेल."

"माहीत आहे म्हटलं ना. बोलून टाका."

त्याला ते बोलायला वेळ लागला. "जंगलाचा हिस्सा तुझा, मांसाचा वाटाही तुझा. ठिय्यावर मात्र यापुढे तू बसायचं नाहीस." मग आस्लाककडे बघून, "तू बसलास. तुझी जागा कायम."

"मला नको!" आस्लाक उठायला गेला आणि पेडरने त्याला सावरलं. "तिची काढून मला देताय?"

"गप्प बस," मी म्हटलं. "माझी कुणी तुला देत नाहीये. तुझी तू राखलीस. पुढच्या वर्षी पुन्हा या ओंडक्यावर बसायचं, आणि तीन तास नाही, सहा तास. नाही बसलास तर मी आज उगाच गारठले."

तो पुन्हा ओंडक्यावर टेकला. ओठ थरथरत होते. थंडीने की कशाने, मला विचारायचं नव्हतं.

उरलेल्यांना दुसरा हाका करायचा होता. दिवस लहान असतात आमच्याकडे. मी दलदलीला वळसा घालून बंदूक आणली, गोळ्या हालस्टाइनच्या हातावर ठेवल्या आणि आस्लाकचा हात खांद्यावर घेतला. आम्ही हळूहळू उतरायला लागलो, दर शंभर पावलांवर थांबत. वर कुत्रा पुन्हा बोलायला लागला होता, आणि माझ्या ठिय्यावर कुणी नव्हतं.